पंपखलाशाची वही

"साहेब, दर तीन महिन्यांनी येता, विहिरीत फीत सोडता, वहीत काही तरी लिहिता आन् जाता. पाणी कुठं जाते, ते एकदा तरी सांगून जा ना." वर्धा नदीच्या खोऱ्यातील एका गावात, भूमिगत कोळसा खाणीपासून जेमतेम दीड किलोमीटरवर, आपल्या विहिरीच्या कठड्याला टेकून एका वयस्कर शेतकरी काकांनी मला हे सुनावले. त्या विहिरीच्या सलग सहा नोंदी माझ्या वहीत होत्या आणि तरीही त्यांच्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते. खाणीच्या परिसरातील भूजलाची पातळी मोजणे आणि पाण्याचे नमुने गोळा करणे हे काम मी त्या भागात काही वर्षे केले. खाणीचे, कंपनीचे आणि गावाचे नाव येथे देत नाही, कारण मला जे सांगायचे आहे ते कोणत्याही एका खाणीपुरते नाही.

आधी जमिनीखाली काय आहे ते सांगणे भाग आहे. चंद्रपूर, वणी, वरोरा, बल्लारपूर या पट्ट्यातील कोळसा गोंडवाना काळातील बराकर या खडकसमूहात सापडतो. त्याच्या वर अनेक ठिकाणी कामठी वालुकाश्म आहे, ज्याला नागपूरजवळच्या कामठीचेच नाव मिळाले आहे. हा वालुकाश्म सच्छिद्र आहे, त्यात पाणी भरपूर मुरते आणि तो विदर्भातील चांगल्या जलधरांपैकी, म्हणजे पाणी साठवून विहिरींना देणाऱ्या खडकथरांपैकी, एक मानला जातो. काही भागांत त्याच्याही वर लॅमेटाचे थर आणि दख्खनचा काळा कातळ येतो. गावातील साधी विहीर या सर्वांच्या माथ्यावर, झिजलेल्या खडकात आणि मुरमात खोदलेली असते, तर खाण त्याच्या खाली शंभर-दोनशे मीटरवर कोळशाच्या थरात चालते. मधे शेल आणि चिकणमातीचे थर असतील, तर वरचे पाणी आणि खालचे पाणी एकमेकांना ओळखतही नाहीत. विहिरीत पाच मीटरवर पाणी दिसत असताना तिच्या बरोबर खाली खाणीने बराकरमधील सगळे पाणी उपसून टाकलेले असू शकते.

माझ्या सहा नोंदी निरुत्तर होत्या त्या याच कारणाने. मी मोजत होतो ते विहिरीचे पाणी होते. खाण उपसत होती ते पाणी दुसरेच होते.

तरीही विहिरी मोजणे व्यर्थ आहे असे कोणी समजू नये. मात्र ते काम वाटते तितके सरळ नाही. पातळी मोजताना फीत कठड्याच्या काठावरून सोडली जाते आणि नोंद मात्र जमिनीखाली किती मीटर अशी करायची असते, त्यामुळे कठड्याची उंची वजा करावी लागते. सुरुवातीच्या काळात एका विहिरीवर मी ती वजा करायला विसरलो आणि तीन महिन्यांत पाणी पाऊण मीटरने खाली गेल्याची नोंद झाली. ते पाणी कुठेही गेले नव्हते, फक्त मधल्या काळात सरपंचांनी कठडा वाढवून बांधला होता. त्यानंतर मी प्रत्येक विहिरीच्या काठावर तांबड्या रंगाची खूण केली आणि त्या खुणेची समुद्रसपाटीपासूनची उंची सर्वेअरकडून काढून घेतली. दोन विहिरींची तुलना करायची, तर पाणी जमिनीखाली किती आहे यावरून काही कळत नाही. समुद्रसपाटीपासून किती उंचीवर आहे हे कळले तरच ते कोणत्या दिशेने वाहते हे सांगता येते. दुसरा प्रश्न मी प्रत्येक शेतकऱ्याला न चुकता विचारू लागलो: मोटर कधी बंद केली? शेतीची वीज अनेकदा रात्री येते, रात्रभर गव्हाला आणि हरभऱ्याला पाणी दिलेले असते आणि सकाळी नऊ वाजता मोजलेली पातळी ही विहिरीची नव्हे, उपशाची असते.

मोजणीचे महिनेही ठरलेले आहेत. कोळसा खाणींना पर्यावरण मंजुरी देताना केंद्रीय मंत्रालय जी अट घालते, तीत मे, ऑगस्ट, नोव्हेंबर आणि जानेवारी असे चार महिने असतात, आणि गुणवत्तेच्या तपासणीसाठी मे महिन्याचा विशेष उल्लेख असतो. महाराष्ट्राची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते आणि केंद्रीय भूजल मंडळाचीही पद्धत तीच आहे. चार नोंदी म्हणजे वर्षाची ढोबळ रेघ. मे आणि ऑगस्ट यांच्यामधला चढ पावसाने किती दिले ते सांगतो, नोव्हेंबर ते मे हा उतार आपण किती घेतले ते सांगतो. पण खाणीचा परिणाम या दोन्हींच्या आत लपलेला असतो. पाऊस कमी झाला की पातळी खाली जाते आणि दोष खाणीला लागतो. पाऊस चांगला झाला की पातळी वर येते आणि खाण निर्दोष ठरते. दोन्ही निष्कर्ष सारखेच कच्चे आहेत. म्हणून मेची तुलना मेशीच करावी, त्या वर्षीचा पाऊस शेजारी लिहावा, आणि त्याच खडकातील पण खाणीच्या प्रभावाबाहेरील निदान दोन-तीन विहिरी तुलनेसाठी राखून ठेवाव्यात. पर्यावरण अहवालात खाणीभोवतीच्या १० किलोमीटरच्या परिसराला बफर म्हणतात आणि त्यातील विहिरींची लांबलचक यादी जोडतात. त्या यादीत कोणती विहीर कोणत्या खडकात आहे हे लिहिलेले नसेल, तर ती यादी निव्वळ पत्त्यांची वही आहे.

खरा उपाय पीझोमीटर. हा एक अरुंद बोअर असतो, पण शेतातील बोअरपेक्षा त्याची रचना निराळी असते. ज्या थराचे पाणी मोजायचे आहे, फक्त त्याच थरासमोर पाइपला चिरा ठेवायच्या, भोवती बारीक गोटे भरायचे आणि त्याच्या वर बेंटोनाइट चिकणमातीची बूच बसवायची, म्हणजे वरच्या थराचे पाणी खाली उतरून आकड्यात मिसळत नाही. ही बूच नीट बसली नाही, तर पीझोमीटर दोन थरांना जोडणारी नळीच होतो आणि मोजण्यासाठी खोदलेला बोअर स्वतःच पाणी खाली पोचवू लागतो. मी पाहिलेल्या कित्येक 'पीझोमीटर'ना वरपासून खालपर्यंत चिरा होत्या. ठेकेदाराचे खोदाईचे मीटर भरले होते, बिल निघाले होते आणि कागदावर अट पूर्ण झाली होती.

केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या २४ सप्टेंबर २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनंतर पीझोमीटरमध्ये आपोआप नोंद घेणारी यंत्रे बसवण्यावर भर आला आणि ते स्वागतार्ह आहे. मात्र पाण्यात बुडवलेले यंत्र पाण्याचा दाब मोजताना त्यावरील हवेचा दाबही मोजत असेल, तर तो वेगळा नोंदवून वजा करावा लागतो. हवेचा दाब १० मिलिबारने वाढला की आकड्यात सुमारे १० सेंटिमीटर पाण्याची भर पडते. उन्हाळी वादळाच्या दिवशी पाणी 'हलल्याचे' जे आलेख मला दाखवले गेले, त्यांतील बरेचसे हवेचे होते.

आता वहीकडे येतो.

भूमिगत खाणीत पाणी खालच्या सम्पमध्ये, म्हणजे पाणी साठवण्याच्या खड्ड्यात, गोळा होते आणि तेथून पंपांनी टप्प्याटप्प्याने वर काढले जाते. तो पंप चालवणारा पंपखलासी प्रत्येक पाळीत कोणता पंप किती वाजता सुरू झाला आणि किती वाजता बंद झाला हे एका जाड वहीत लिहितो. पर्यावरण विभागाच्या मासिक अहवालात या वहीचा मागमूस नसतो. तेथे उपशाचा एकच आकडा असतो, तोही बहुतेक महिन्यांत तोच. एका एप्रिलमध्ये मी काही कामाने पंपघरापर्यंत गेलो होतो आणि खलासीभाऊंनी चहा येईपर्यंत वही माझ्यापुढे सरकवली. फेब्रुवारीपर्यंत दोन पंप मिळून दिवसाला नऊ-दहा तास चालत होते. मार्चच्या मध्यापासून ते तास वाढत गेले आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात समासात लिहिले होते: "तीन नंबर पण लावला." विदर्भात मार्च-एप्रिलमध्ये फारसा पाऊस नसतो. नद्या आटलेल्या, नाले कोरडे, आणि खाणीत पाणी वाढत होते.

माझा पहिला संशय साधा होता. कोळसा काढल्यावर उरलेल्या पोकळीत वाळू भरण्याची पद्धत जेथे असते, तेथे ती वाळू पाण्यासोबत नळातून खाली सोडतात आणि ते पाणी पुन्हा सम्पमध्ये येते; खाणीचा उपसा काढताना ते वजा केले नाही तर आपणच ओतलेले पाणी आपण भूजल म्हणून मोजतो. पण तेव्हा काम चालू असलेल्या पॅनेलमध्ये, म्हणजे खाणीच्या त्या भागात, वाळू भरली जात नव्हती. बोर्ड अँड पिलर पद्धतीत आधी कोळशाचे खांब ठेवून गल्ल्या काढतात आणि शेवटी ते खांबही काढून घेतात. याला डीपिलरिंग म्हणतात. वाळू भरली नाही तर मागे छत कोसळू दिले जाते, त्या कोसळलेल्या जागेला गोफ म्हणतात. छत कोसळले की त्यावरील खडकाला भेगा पडतात आणि त्या भेगा वर किती उंच जातात, यावर पुढचे सगळे अवलंबून असते. शेलच्या थरातच थांबल्या तर वरच्या पाण्याला काही होत नाही. कामठी वालुकाश्मापर्यंत पोचल्या तर त्या थराचे पाणी गोफमध्ये उतरू लागते. त्या पॅनेलचे डीपिलरिंग फेब्रुवारीत सुरू झाले होते.

मी विहिरींची वही काढून पाहिली. जानेवारीच्या नोंदी नेहमीसारख्या होत्या आणि पुढची फेरी मेमध्ये होती. खाणीने तिच्या बाजूने दोन महिन्यांपूर्वीच खबर दिली होती. फक्त ती खबर आमच्या वेळापत्रकात नव्हती. मेमध्ये मोजले, तेव्हा पॅनेलच्या बाजूच्या दोन विहिरी आधीच्या पाच मे महिन्यांपेक्षा खाली होत्या, काकांची विहीर तळ दाखवत होती, आणि नाल्यापलीकडची तुलनेची विहीर मात्र नेहमीच्याच पातळीवर होती. यावरून खाणीचा संबंध असावा हे माझे मत झाले. ते सिद्ध झाले असे मी तेव्हा लिहिले नाही आणि आजही लिहीत नाही, कारण पॅनेल आणि विहिरी यांच्यामध्ये कामठीचे पाणी मोजणारा एकही पीझोमीटर नव्हता. पुढच्या वर्षी दोन खोदले गेले, एक कामठीत आणि एक कोळशाच्या थरावरच्या बराकरमध्ये, एकमेकांपासून हाताच्या अंतरावर. अशा जोडीचा उपयोग फार मोठा आहे. दोहोंतील पातळीत मोठा फरक कायम राहिला तर मधला थर शाबूत आहे. वरच्या पीझोमीटरमधली पातळी ऋतूचा क्रम सोडून खाली येऊ लागली तर भेग वर पोचली आहे.

पंपाचे तास हीदेखील कच्चीच माहिती असते, हे कबूल करायला हवे. पंपावरच्या पाटीवर लिहिलेली क्षमता नव्या पंपाची असते. पंखा झिजला, नळात गाळ बसला की तोच पंप तेवढ्याच तासांत कमी पाणी काढतो. म्हणून पाणी जेथे बाहेर पडते तेथे पाणीमापक मीटर किंवा निदान ९० अंशांचा व्ही-नॉच बसवावा. व्ही आकाराच्या या खाचेतून १० सेंटिमीटर उंचीचे पाणी वाहत असेल, तर सेकंदाला सुमारे ४.४ लिटर, म्हणजे दिवसाला पावणेचार लाख लिटरच्या आसपास पाणी बाहेर पडते. उंची २० सेंटिमीटर झाली तर पाणी दुप्पट होत नाही, साडेपाच पटींहून अधिक होते. याचाच अर्थ असा की १० च्या जागी ११ वाचले तर उपशाचा आकडा चौथाईहून अधिक फुगतो, आणि ही पट्टी वाचायचे काम बहुधा ज्याला हे कोणी सांगितलेले नसते त्याच्याकडे असते.

पाण्याची ही वही खाणीच्या आतील माणसांसाठीही जिवाची गोष्ट आहे. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या चासनाला खाणीत शेजारच्या जुन्या कामात साठलेले पाणी फुटून आत शिरले आणि ३७५ कामगार गेले. पाणी भरलेल्या जुन्या कामापासून ६० मीटरच्या आत परवानगीशिवाय काम करायचे नाही आणि पुढे आगाऊ बोअर घेत जायचे, हा नियम कोळसा खाणीत काम करणाऱ्याला तोंडपाठ असतो. सुरक्षा विभाग जे पाणी धोका म्हणून मोजतो आणि पर्यावरण विभाग जे पाणी अट म्हणून मोजतो, ते एकच पाणी आहे. पण दोन विभागांच्या वह्या एका टेबलावर मी फार थोड्या वेळा पाहिल्या.

गुणवत्तेबद्दल लोकांच्या मनात एक चित्र असते: खाणीचे पाणी म्हणजे तांबडे, आंबट, विषारी. मेघालयाच्या खाणींजवळ ते चित्र खरे आहे, कारण तेथील कोळशात गंधक जास्त आहे. गंधक असलेल्या पायराइट या खनिजाला हवा आणि पाणी मिळाले की आम्ल तयार होते. आपल्या गोंडवाना कोळशात गंधक साधारणपणे एक टक्क्याहून कमी असते आणि जे थोडे आम्ल तयार होते ते खडकातील चुनखडीच्या अंशामुळे जागीच शमते. सामू (पीएच) त्यामुळे सात-आठच्या आसपास राहतो आणि अहवाल वाचणाऱ्याला हायसे वाटते. पण आम्ल शमताना पाण्यात कॅल्शियम आणि सल्फेट उतरतात. पाणी आंबट होत नाही, जड होते. तूरडाळ शिजेनाशी होते, हंड्याला आतून पांढरा थर बसतो, साबणाला फेस येत नाही, आणि गावातील बायका हे प्रयोगशाळेच्या आधी ओळखतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, सल्फेटची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसल्यास ४०० मिलिग्रॅम आहे. काठिण्याची अनुक्रमे २०० आणि ६००, आणि एकूण विरघळलेल्या क्षारांची ५०० आणि २०००. या उलट, कोळसा खाणींतून बाहेर सोडायच्या पाण्यासाठी सप्टेंबर २००० मध्ये जी मानके आली, त्यांत भर आहे तो सामू, तरंगणारे कण, सीओडी (रासायनिक ऑक्सिजन मागणी) आणि तेल-ग्रीस यांवर. नाल्यात सोडलेले पाणी त्या मानकांत चोख बसू शकते आणि तरीही त्या नाल्याकाठच्या विहिरीची चव बदलू शकते. म्हणून मी सल्फेटवर नजर ठेवतो. बायकार्बोनेट नैसर्गिक भूजलातही भरपूर असते, त्यामुळे त्यावरून खाणीचा माग लागत नाही. आधी सल्फेट कमी असलेल्या विहिरीत ते वर्षागणिक चढत असेल, तर ते कुठून आले हे विचारायलाच हवे.

फ्लोराइडचे तसे नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील अनेक गावांत ते खडकातूनच येते, खाण असो वा नसो, आणि त्याचे खापर खाणीवर फोडले की खऱ्या तक्रारीचेही वजन जाते. नायट्रेटचेही जपून बोलावे, कारण ते स्फोटकांतून येते तसेच युरियातून आणि गोठ्यातूनही येते.

नमुना घेण्याची शिस्त हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे, पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. बंद पडून राहिलेल्या पीझोमीटरमधले पाणी शिळे असते. नळीतील पाण्याच्या साधारण तिप्पट पाणी उपसून टाकल्यावरच नमुना घ्यायचा असतो. १५० मिलिमीटर व्यासाच्या नळीत ३० मीटर पाणी असेल तर ते सुमारे ५३० लिटर होते, म्हणजे सोळाशे लिटर उपसायचे. मे महिन्याच्या उन्हात, जनरेटर घेऊन, एका ठिकाणी दीड-दोन तास. त्यामुळे काय होते हे वाचकाने ओळखले असेल. लोहाचेही असेच: धातूंसाठीच्या बाटलीत नमुना गाळून लगेच नायट्रिक आम्ल घातले नाही, तर विरघळलेले लोह हवा लागताच तांबडा गाळ होऊन तळाशी बसते आणि प्रयोगशाळा प्रामाणिकपणे 'लोह अत्यल्प' असे लिहून देते. अहवाल आला की मी आधी धन आणि ऋण आयनांची बेरीज जुळते का ते पाहतो. फरक पाच टक्क्यांच्या पुढे असेल तर बाकीचे आकडे वाचण्यात अर्थ नसतो.

खाणीचे पाणी वाया जाते असेही नाही. नागपूर जिल्ह्यातील पाटणसावंगी येथे वेकोलिने, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कोळसा कंपनीने, भूमिगत खाणीच्या पाण्यावर प्रक्रिया करून 'कोल नीर' नावाने बाटलीबंद पाणी विक्रीला आणले, आणि अनेक खाणींचे पाणी शेतीला दिले जाते. उन्हाळ्यात त्या पाण्यावर पीक उभे राहते हे मी पाहिले आहे. मात्र ते पाणी ज्याच्या विहिरीखालून आले आणि ज्याच्या शेताला मिळाले, ते दोघे दर वेळी एकच नसतात.

पीझोमीटरच्या पहिल्या वर्षाचे आलेख घेऊन मी काकांकडे गेलो. कागदावर बोट ठेवून खालचे पाणी, वरचे पाणी, मधला थर असे समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि विचारले, "मंग खदान बंद झाली का पाणी वापस येईल?" येईल, असे मी म्हणालो, पंप थांबले की पोकळ्या भरत जातात, त्याला वर्षे लागतात, आणि भरताना ते पाणी इतकी वर्षे हवा लागलेल्या गोफमधले सल्फेट धुऊन सोबत आणते. पातळी वर येईल, पण तेच पाणी येईल असे नाही. शिवाय पाणी भरल्याने जुने खांब मऊ पडतात, ही वेगळी चिंता. ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घुसच्या अमराई वॉर्डात एक घर जमिनीत गडप झाले आणि खाली जुन्या भूमिगत खाणीची पोकळी असल्याचे पुढे आले, ती बातमी त्यांना माहीत होती.

ते उठून घरात गेले आणि भिंतीवरचे कालनिर्णय घेऊन आले. मेनंतरच्या प्रत्येक पानावर, अमावस्येच्या चौकोनात, पेन्सिलीने पाण्याच्या खोलीचा आकडा होता: पावणेतीन परस, अडीच परस, दोन परस (परस म्हणजे पुरुषभर खोली). दोरीला गाठी मारून, मोटर लावण्याआधी, पहाटे मोजलेले. मी त्या पानांचे फोटो काढून घेतले आणि तारखा जुळवून त्याच महिन्यांच्या पंपखलाशाच्या वहीशेजारी उतरवले. आमच्या चार नोंदींच्या आलेखात जी रेघ मे ते ऑगस्ट सरळ चढत होती, ती त्यांच्या आकड्यांत जुलैभर अडून राहिलेली दिसली, आणि वहीत त्याच जुलैत तीन नंबरचा पंप एक दिवसही बंद नव्हता.